परसूने न मारलेली तिसरी हाक

परसू गेला हे कळलं तेव्हा मी पणजीला ऑफिसच्या कँटीनमध्ये पातळ भाजीत पाव बुडवून खात होतो. डिचोलीच्या बाजारात त्याच्या दुकानाला लागून गजानन शिंप्याचं दुकान आहे, फोन त्याचा होता. "तुझो परसू गेलो रे," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्याकडून काहीच येत नाही असं बघून त्याने विचारलं, "आयकूंक येता मरे तुका?" येतं, म्हणालो. मग मी पाव संपवला, हात धुतले, टेबलाशी जाऊन एक फाईल उगाच खालीवर केली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसस्टँडवर आलो. डिचोलीची बस लागलेलीच होती. बस पूल ओलांडून पलीकडे येईपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती आणि ती दुःखाची नव्हती. आठवड्यापूर्वी परसूने माझ्यावर एक काम सोपवलं होतं. आता ते केलं नाही तरी विचारणारं कुणी उरलं नव्हतं. मला हायसं वाटलं होतं... हे वाक्य लिहायला मला महिना लागला.

त्याच्या अंत्यविधीला अर्धा बाजार आला होता. स्मशानातून परतताना कुणीतरी म्हणालं, तू त्याचा जिवाभावाचा, इतकी वर्षं दर रविवारी त्याच्याकडे जाणारा, चार शब्द तूच लिही. मी मान हलवली. घरी येऊन लिहिलंही. त्यात परसू हसतमुख होता, कष्टाळू होता, पंगू पायाने आयुष्याशी झगडलेला होता, आणि मी त्याचा मित्र होतो. ते मी फाडून टाकलं. हे दुसरं आहे.

परसू म्हणजे परशराम. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून तो खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आला तेव्हा विशीत होता, मीही तेवढाच. सर्वणला आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक सुटी खोली होती, ती आईने त्याला भाड्याने दिली. वडील आधीच गेलेले, घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण. तिला मी इथे शैला म्हणतो, ते तिचं खरं नाव नव्हे. परसूची मराठी ऐकून आम्हाला हसू यायचं आणि आमची ऐकून त्याला. आई सकाळी "पेज जेवतलो मरे?" म्हणून विचारायची आणि तो "जेवतो की, नको कशाला म्हणू" म्हणत ताट घेऊन पायरीवर बसायचा. दोन-चार महिन्यांत तो पायरीवरून आत स्वयंपाकघरात आला, आणि ते कधी झालं हे आम्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. निदान माझ्या तरी नाही.

सर्वणहून सायकलने निघालं की तासाभरात एक पठार लागतं. ते जिथे एकदम तुटतं तिथून खाली एका अरुंद घळीत ओहोळ दोन टप्प्यांनी कोसळतो. खालच्या टप्प्याच्या पायथ्याशी काळा डोह आहे, त्याला आम्ही कोंड म्हणतो. वाट लांब नाही, खालून मारलेली हाक वर ऐकू येते इतकीच, पण अगदी उभी. झाडांची मुळं धरून, कधी बसून, कधी पाठमोरं होऊन उतरायचं. पायाखाली जांभ्याचे खडे सुटत राहतात आणि तुमच्या आधी खाली पोचतात. वर कितीही ऊन असलं तरी आत अंधारल्यासारखं असतं, आणि झाडांमधून पाण्याचा वास येतो, ओल्या गोणपाटासारखा. परसूला त्या जागेचं वेड लागलं होतं. कामाला सुट्टी असली की "चल की कोंडीवर" म्हणून तो माझ्या मागे लागायचा. वाटेत पडलेल्या फांद्या त्यानेच तोडून बाजूला केल्या, वरच्या धबधब्याजवळ जिथे पाय ठरत नाही तिथे पहार घेऊन दोन-तीन खोबण्याही त्यानेच पाडल्या.

उतरणीच्या तोंडाशी रान राखणाऱ्या देवाची, राखणदाराची, जागा आहे, म्हणजे दगडांची एक रास. तिथे हिरवी डहाळी ठेवून मगच उतरायचं. आणि घळीत कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तर समजायचं माणूस आहे. चकवणारं जे काही असतं ते दोनदाच बोलावतं. हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते अंगवळणीच पडलेलं असतं. परसूला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा डहाळी ठेवता ठेवता तो म्हणाला, "तुमची भुतं लई मानी हाईत की रे. आमच्याकडची गळा फाटेस्तोवर बोंबलत्यात." पण त्यानंतर त्याने ते पाळलं. खाली आधी पोचला की मुद्दाम तीन हाका मारायचा, तिसरी चांगली लांबवून, आणि मी तिसरीला ओ दिली की खदाखदा हसायचा.

ते दिवस भाषेच्या आंदोलनाचे होते. कोकणी की मराठी, यावरून एकाच पंगतीतले भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आमच्या डिचोली-पेडण्याकडे मराठीचा जोर. मी सभांना जायचो, पत्रकं वाटायचो, भिंतींवर घोषणा लिहायचो. लिहायचो म्हणजे डबा धरायचो. अक्षर परसूचं चांगलं, म्हणून शिडीवर तो. "गावाकडं कानडीशी भांडायचं, हितं येऊन कोकणीशी. मराठी म्हणजे माझ्या नशिबाला शिडीच हाय," असं वरून म्हणायचा आणि वेलांटीचा ओघळ अंगठ्याने पुसायचा. एका सभेत मी त्याला पुढे घेऊन, हा आमचा सीमाभागातला भाऊ, अशी ओळख करून दिली. टाळ्या पडल्या. तो लाजला होता. पुढे राजभाषेचा कायदा झाला, मग गोवा राज्य झालं, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात श्रावणातल्या एका सुट्टीला सकाळी आम्ही दोघेच कोंडीवर गेलो.

पाऊस उघडला होता पण ओहोळ भरलेला होता. डोहाच्या कडेला परसू घोटाभर पाण्यात उभा राहून पाय धूत होता. धूत होता म्हणजे बराच वेळ धूत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शैलाशी बोललोय मी. तिची ना नाही. आता तुला विचारतो."

मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो माणूस म्हणून वाईट नव्हता, माझ्याहून कष्टाळू होता, पगार माझ्याहून बरा होता, जातीपातीचंही फार अडण्यासारखं नव्हतं. पण आधी तिला विचारलं आणि मग मला, हे मला लागलं. आणि त्याच्याही खाली दुसरं एक होतं, ते तोंडावर आलं. मी म्हणालो, आमच्या घरातल्या मुली घाट्याच्या घरात जात नाहीत. घाटी हा शब्द मी त्याआधी त्याच्यासमोर कधी काढला नव्हता. बाजारात, ऑफिसात, बसमध्ये किती वेळा काढला असेल याची गणती नाही.

परसू चिडला नाही. पायावर पाणी घेत राहिला. "भाषा पाहिजे आणि माणूस नको," तो म्हणाला. "असं हाय होय तुमचं?"

मी एकटाच वर चढायला लागलो. अर्ध्या वाटेवर असेन, खालून काहीतरी घसरल्याचा, आपटल्याचा आवाज आला. मग त्याची हाक. माझं नाव. मी मूळ धरून जागच्या जागी उभा राहिलो. थोड्या वेळाने दुसरी आली. त्या हाकेत त्याचा आवाज फाटला होता. मी तिसरीची वाट पाहिली. ती आली नाही. मी वर चढून सायकल घेतली आणि घरी गेलो.

आजवर मी हे एवढंच सांगत आलो, आणि यात एक शब्दही खोटा नाही. पण मला त्या हाकेबद्दल पापणी लवण्याइतकाही संशय नव्हता. तो परसूचा आवाज होता, माझ्यावर ओरडायला नव्हे, त्याला काहीतरी झालं होतं म्हणून आलेला. राखणदार, चकवा, असलं काही माझ्या मनात आलं नाही. मनात आलं ते हे, की राहू दे थोडा वेळ, कळू दे. रीत हाताशी होती. मी ती वापरली.

घरी आईने विचारलं, परसू खंय? येतो मागून, म्हणालो. जेवलो. शैला वाढत होती आणि मध्येच उठून दाराशी जाऊन येत होती. दुपारी पाऊस धो धो सुरू झाला तेव्हा मी आडवा पडून होतो, झोपलो नव्हतो. दिवस कलता कलता गुरांमागे गेलेल्या धनगरांना तो सापडला. दोन दगडांच्या मध्ये पाय अडकलेला, आणि ओहोळाचं पाणी चढून छातीपर्यंत आलेलं. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं. इतका वेळ गढूळ पाण्यात राहिल्याने जखम चिघळली, हाड वेडंवाकडं बसलं, डावा पाय आखूड झाला आणि खुबा कायमचा आखडला. लवकर आणला असता तर पाय राहिला असता, हे डॉक्टरने माझ्यासमोरच सांगितलं. त्याला वाटलं मी त्याचा भाऊ आहे.

गावात लोकांनी विचारलं, तू बरोबर होतास ना? मी म्हणालो, दोन हाका आल्या, तिसरी आली नाही. आणि एकाही माणसाने मला दोष दिला नाही. उलट म्हातारी माणसं मान डोलावून म्हणाली, बरें केलेंस, ओ दिली असतीस तर तूही गेला असतास. ज्याने हाक मारली त्यानेच परसूला ओढला, असंही ठरून गेलं. मी वाचलो म्हणून आईने राखणदाराला नारळ ठेवला. तो सोलून मीच तिच्या हातात दिला.

शैला मात्र हटली नाही. पाय गेला तर गेला, मी त्याच्याशीच लग्न करणार, असं तिने आईला तोंडावर सांगितलं. आईने बहुधा मान्यही केलं असतं. पण परसूच नको म्हणाला. इस्पितळातून तो परस्पर डिचोलीला गेला, आमच्या खोलीवर पुन्हा आला नाही, आणि आईकडे निरोप धाडला की माझा विचार सोडा. सगळ्यांनी धरून चाललं की पायामुळे. नोकरी गेलेली, लंगडा माणूस, पोरीचं वाटोळं नको म्हणून मोठ्या मनाने मागे सरला. मला सुटल्यासारखं वाटलं. वर्षभरात शैलाचं लग्न मुरगाव बंदरात नोकरीला असलेल्या एका भल्या माणसाशी झालं. तिने लग्नात कुणाकडे मान वर करून बघितलं नाही. सगळे म्हणाले, पोर लाजरी आहे.

परसूने डिचोलीच्या बाजारात स्टोव्ह आणि पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं, पुढे मिक्सर आणि पंखे आले. दुकानामागे एक खोली, तिथेच राहायचा. मी दर रविवारी उंडे घेऊन जायचो, म्हणजे पोदेराच्या भट्टीतले गरम गोल पाव, आणि तो सुक्या बांगड्याची कसलीशी चटणी करायचा. मी का जायचो? लोक म्हणायचे मैत्री. सुरुवातीला मी हे बघायला जायचो की तो कुणाजवळ काही बोलला तर नाही. नंतर सवय झाली. आणि तो? मी बाजाराच्या कोपऱ्यावर दिसलो की तो दुकानातून हाका मारायचा. "सदा. सदा. सदा. झाल्या तीन. आता ये." गजानन हसायचा, गिऱ्हाइकं हसायची, पुढे पुढे पोदेरसुद्धा हसायला लागला. ही आमची जुनी थट्टा म्हणून सगळ्यांना ठाऊक होती. मीही हसायचो. इतक्या वर्षांत एकही रविवार तो हे विसरला नाही. त्याचं माझ्यावर प्रेम उरलं होतं का, हे मला खरंच सांगता येणार नाही. मी आलो नाही तर चिडायचा एवढं नक्की.

गेल्या वर्षापासून त्याचं यकृत बिघडलं. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, बाकी अंगावर मांस नाही. शेवटच्या रविवारी मी कोपऱ्यावर आलो तर हाक नाही. आत गेलो तर तो आडवा होता, तोंड भिंतीकडे. बाहेर गजाननचं मशीन चाललं होतं. मग परसू बोलायला लागला, हळू, मधे मधे दम खात.

"तिसरी मी मारलीच नाही, सदा. मारता येत होती, शुद्धीत होतो. पडलो होतो तिथनं वाट दिसत होती. तू चढत होतास ते वरनं खडे येत होते. पहिल्या हाकेला खडे थांबले. दुसरीलाबी थांबलेलेच. म्हटलं, ऐकलंय यानं. आता तिसरी मारायची ती कुणासाठी?..." तो थांबला. पाणी मागितलं, मी दिलं, ते गळ्यावर सांडलं. "मग खडे परत यायला लागले."

तो म्हणाला, शैलाला वाटतं मी पायामुळं नको म्हणालो. तसं नव्हतं. "तुझा मेव्हणा व्हायचं आणि जन्मभर तुझ्या ताटाशेजारी ताट मांडून बसायचं. नसतं जमलं. ते सांग तिला. मी गेल्यावर सांग, आधी नको. आधी सांगशील तर ती हितं येईल." आणि मग, डोळे मिटून, "सांगशील न्हवं?" मी हो म्हणालो. आठ दिवसांत तो गेला.

बसमध्ये मला हायसं वाटलं ते या होकाराबद्दल विचारणारं आता कुणी नव्हतं म्हणून. शैलाचे केस पिकले आहेत, मुलगी लग्नाची आहे, नवरा निवृत्तीला आलेला. कशाला उकरून काढायचं, असं म्हणणारी कितीतरी शहाणी माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांतला मीच पहिला. तिला कळलं तर तिचा भाऊ तिला उरणार नव्हता, आणि माझ्या बाजूचं रक्ताचं माणूस म्हणून आता तीच आहे. मी पंधरवडा काही केलं नाही. मग खोलीच्या मालकाने जागा मोकळी करून मागितली, आणि शैलाचा फोन आला की मीही येते.

ती सासरहून, वास्कोहून एकटी आली. आम्ही दोघे त्या खोलीत भांडी चादरीत बांधत होतो. ती त्याचे सदरे घडी करत होती, एकेक, जणू उद्या कुणी घालणार आहे. मी गाठ मारता मारता सांगायला सुरुवात केली आणि गाठ सोडून सगळं सांगितलं. डोहाकाठचं बोलणं, माझा शब्द, दोन हाका, खडे, आणि त्याने नको का म्हटलं ते. हातातला सदरा तसाच राहिला. शेवटी ती बोलली ते एवढंच, "त्या दिसा तुका मीच वाढलं, दादा. दोनदा भात मागून घेतलास तू."

ते मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती, फक्त त्याचा अर्थ तिला आत्ता लागला होता. रडली नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर करून थांबवलं, आणि सदऱ्याची घडी पुरी केली. मग म्हणाली, "गावान तुका बरें केलेंस म्हटलेलां. सगळ्यांनी. आता सगळ्यांक सांग." म्हणून हा लेख. तिने वाचलेला नाही. वाचणार नाही असं तिने सांगितलं आहे.

भांडी, औजारं, कपडे सगळं वाटून संपलं आणि खोलीत एक कदेल उरली. लाकडी खुर्ची, सागवानी, परसूने जुन्या बाजारातून आणून स्वतःच्या अंगाला बेतलेली. डाव्या बाजूचे दोन्ही पाय करवतीने आखूड केलेले, बैठकही त्या बाजूला तासून उतरती केलेली. त्याच्या आखडलेल्या खुब्याला एवढीच एक खुर्ची सोसायची, इतरत्र तो उभाच राहायचा. गजानन दारातून बघून म्हणाला, लाकूड बरें आसा, म्हालो मेस्ता सुताराला दिलीत तर दोन तुकडे लावून सरळ करून देईल. शैलाने खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली, तो हात घासून घासून काळा गुळगुळीत झाला होता. मला वाटलं ती म्हणेल, मी नेते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तशीच घरा ने. सरळ करू नको. आणि तिच्यात बस."

कदेल आता सर्वणला आमच्या दारापुढच्या बल्कांवात आहे, जिथे बसून रस्ता दिसतो. ऑफिसातून आलो की मी तिच्यात बसतो. बसल्या बसल्या अंग डावीकडे ओघळतं. उजवा हात खुर्चीच्या हाताला घट्ट धरून आणि डावा पाय जमिनीत रोवून राहिलं तरच तोल राहतो, आणि थोड्या वेळात मांडी थरथरायला लागते. पहिले काही दिवस बायकोने मागे उशी आणून ठेवली. मी ती काढून ठेवली. आता ती आतूनच म्हणते, उठा, चहा निवतोय. मी येतो म्हणतो, आणि आणखी थोडा वेळ बसून राहतो.